मुरगळणे, लचक आणि मुकामार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेरणीपासून कापूस वेचणीपर्यंतचा हंगाम आणि त्यानंतर गावोगावी रंगणारे कबड्डीचे सामने या काळात फिजिओथेरपीसाठी येणारी माणसे जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, आणि आशाताई आपापल्या गावातून जे विचारून पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. एखाद्या प्रश्नाचा काही भाग दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तेथे क्रमांक दिला आहे. दुखापत नुकतीच झाली असेल, तर सर्वांत आधी प्रश्न ३ वाचावा.

१. मुरगळणे, लचक भरणे आणि मुकामार हे सगळे एकच आहे का?

एकच नाही, पण एकाच कुळातले आहे. हाड सोडून शरीराला बांधून ठेवणारे आणि हलवणारे जे भाग असतात, म्हणजे स्नायू, स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा आणि हाडाला हाड बांधणारा अस्थिबंध, त्यांना झालेल्या इजेला मऊ ऊतींची दुखापत म्हणतात. धुऱ्यावरून पाय घसरून घोटा आत वळला, की घोट्याच्या बाहेरच्या अंगाचा अस्थिबंध ताणला जातो किंवा फाटतो, हे मुरगळणे. सोयाबीनचा कट्टा उचलताना कमरेचा किंवा धावताना मांडीमागचा स्नायू ताणला गेला, तर ती लचक. बैलाची लाथ बसली किंवा बंडीवरून पडून मांडी आपटली, कातडी शाबूत राहिली पण आत स्नायू चेंगरून रक्त साचले, तर तो मुकामार. चौथ्या प्रकाराला गावात वेगळे नाव नाही: एकच हालचाल महिनोन्महिने करून कंडरा कमजोर होत जातो. त्याविषयी प्रश्न ९ पाहावा.

२. पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करावे? बर्फ लावावा की शेकावे?

शेकू नये. पहिले दोन-तीन दिवस गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक आणि गरम लेप या सर्वांनी आतला रक्तस्राव आणि सूज वाढू शकते.

बर्फाचे उत्तर मात्र गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत बदलले आहे. १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री मांडली आणि ती जगभर पाठ झाली. पुढे मर्किन यांनीच सांगितले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याचे काम लांबू शकते, कारण दुखापतीनंतरची सूज आणि लाली ही शरीराने दुरुस्तीसाठी पाठवलेली कुमक असते. २०१२ मध्ये ब्रिटिश तज्ज्ञांनी विश्रांतीच्या जागी ‘योग्य तेवढा भार’ हे शब्द आणले आणि २०१९ मध्ये कॅनडातील दोन फिजिओथेरपिस्टांनी मांडलेल्या सूत्रात बर्फाला जागाच उरली नाही.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की बर्फाकडे औषध म्हणून पाहू नये. वेदना फारच असेल तर फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटे लावावा, कातडीला थेट लावू नये. वीज गेलेली असेल आणि बर्फ नसेल, तर माठातल्या पाण्यात भिजवलेले फडके पुरते. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर आधी प्रश्न १६ वाचावा. बर्फापेक्षा महत्त्वाचे म्हणजे निजताना पाय छातीपेक्षा उंच राहील असा लोडावर किंवा गोधडीच्या घडीवर ठेवावा, आणि क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळत जावे. बोटे थंड पडली, निळसर झाली किंवा मुंग्या आल्या, तर पट्टी घट्ट झाली आहे असे समजून लगेच सोडावी.

३. दवाखाना गाठलाच पाहिजे हे कसे ओळखावे?

घोट्यासाठी कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये तयार झालेले नियम सोपे आहेत आणि मोठ्या माणसांत त्यांतून मोडलेले हाड क्वचितच निसटते. दुखापत झाल्यावर लगेच आणि नंतर तपासणीच्या वेळीही लंगडत का होईना चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडाच्या टोकावर आणि मागच्या कडेवर, खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये, बोटाने दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढावा. पायाच्या मधल्या भागात, करंगळीच्या अंगाला जो हाडाचा उंचवटा लागतो तेथे किंवा आतल्या अंगाच्या कमानीवरच्या हाडावर दाबून दुखत असेल, तरीही काढावा.

याखेरीज काही खुणांसाठी थांबूच नये. अवयव वाकडा दिसणे, बधिर होणे किंवा थंड पडणे. टाचेच्या वर मागून कोणी मारल्यासारखे वाटून पाऊल खाली रेटता न येणे. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होऊन काही तासांत तो फुगणे. ताप येऊन जागा लाल आणि गरम होणे. बंडीचे किंवा ट्रॅक्टरचे चाक पायावरून गेले असेल, पोटरी दगडासारखी ताठ झाली असेल आणि पायाची बोटे दुसऱ्याने वर वाकवताच असह्य कळ येत असेल, तर स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढतो आहे असे धरावे. काही तासांत स्नायू मरू लागतो. सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि पायाला कोणतीही पट्टी बांधू नये.

४. तेल लावून जोरात चोळले की बरे वाटते. मग तुम्ही नको का म्हणता?

बरे वाटते हे खरे आहे. स्पर्श आणि ऊब यांनी वेदनेची जाणीव थोडा वेळ दबते. पण ताज्या दुखापतीत आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, आणि अंगठ्याने रगडल्यावर त्या पुन्हा फुटतात. मांडीच्या मुकामारावर आणि कोपरावर याचा परिणाम फार वाईट होऊ शकतो: स्नायूत साचलेल्या रक्ताच्या जागी हाडासारखा कठीण थर तयार होतो आणि सांधा कित्येक महिने, कधी कायमचा, पूर्ण वाकत नाही. झाडावरून पडलेल्या मुलाचा कोपर रोज चोळून ‘मोकळा’ करण्याचा हट्ट हे असा कोपर आखडण्याचे एक नेहमीचे कारण आहे. आम्हांला उपचारात सर्वाधिक वेळ मूळ दुखापतीवर नव्हे, तर अशा चोळण्याने झालेल्या नुकसानीवर घालवावा लागतो, हे येथे स्पष्ट लिहिणे भाग आहे.

बिब्बा लावणे हा दुसरा प्रकार. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात आणि मग बांधायला जागा उरत नाही. तिसरा प्रकार बांबूच्या कामट्या घट्ट आवळून बांधण्याचा. त्यात रक्तपुरवठा अडून हाताची बोटे कायमची वाकडी झालेली आढळतात. आंबेहळदीचा कोमट लेप अखंड कातडीवर लावल्याने अपाय होत नाही, फार उपयोगही होत नाही. उसण भरल्यावर पायाळू माणसाचा पाय कमरेला लावून घेण्यावर आमचा आक्षेप नाही, फक्त तो हळूच लावावा; उसण बहुधा काही दिवसांत आपली आपण उतरते आणि श्रेय पायाळूला मिळते.

पहिला आठवडा उलटल्यावर, सूज ओसरली असेल तर हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही.

५. पूर्ण विश्रांती किती दिवस घ्यावी?

साधारणपणे एक ते तीन दिवस, तीही दुखऱ्या भागाला, सगळ्या शरीराला नव्हे. कारण असे की पहिल्या चार-पाच दिवसांत शरीर तुटलेला माल उचलून नेते, त्यानंतर तीन ते सहा आठवडे घाईघाईने नवे धागे टाकते, आणि मग अनेक महिने, कधी वर्षभर, त्या धाग्यांची दिशा व मजबुती ठरवत राहते. ज्या दिशेने ताण येतो त्या दिशेने हे धागे लागतात. ताणच मिळाला नाही, तर ते गाठोड्यासारखे गुंतून राहतात, आणि इकडे स्नायूही दोन आठवड्यांत डोळ्यांना दिसेल इतका बारीक होतो.

अस्थिबंध पूर्ण तुटलेला असेल तर थोड्या दिवसांसाठी प्लास्टर किंवा सांधा हलू न देणारा बूट द्यावा लागतो. तो निर्णय डॉक्टरांचा आहे.

६. मी रोजीने जाते. घरी बसले तर चूल पेटत नाही. काम करत करत बरे होता येते का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि ‘आराम करा’ हे त्याचे प्रामाणिक उत्तर नव्हे. बऱ्याच दुखापतींत काम करत बरे होता येते, मात्र कोणते काम करायचे आणि किती करायचे, हे रोज ठरवावे लागते.

वेदना मोजण्यासाठी आम्ही रुपयाचा हिशोब सांगतो. सहन होणार नाही अशी वेदना म्हणजे सोळा आणे. कामात चार-पाच आण्यांपर्यंत दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर ते काल कामाआधी होते त्या पातळीवर आले असेल, तर तेवढे काम पेलले असे समजावे. आठ आणे दुखले, किंवा सकाळी सूज वाढलेली दिसली, तर काल काम जास्त झाले. आज ते निम्म्यावर आणावे, पण शून्यावर आणू नये.

कामाची निवडही महत्त्वाची आहे. घोटा मुरगळलेल्या बाईने रोवणीला जाऊ नये, कारण बांधीच्या गाळात रुतलेले पाऊल ओढून काढताना नेमक्या फाटलेल्या अस्थिबंधाला पिळा बसतो. उकिडवे बसून निंदण करताना घोटा आणि गुडघा पूर्ण दुमडतात, म्हणून लहान पाटावर बसून निंदावे. कापूस वेचणी त्यामानाने बरी, पण ओटीत दहा किलो साठेपर्यंत न थांबता दर थोड्या वेळाने कापूस रिकामा करावा. खांदा किंवा कंबर दुखत असेल, तर १६ लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊ नये. दुसरा माणूस नसेल तर तो अर्धाच भरावा, फेऱ्या वाढल्या तरी चालतील. काठी घ्यायची असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. हे जवळजवळ सगळेजण उलटे करतात.

स्नायू किंवा कंडरा पूर्ण तुटला असेल, तर हे उत्तर लागू नाही.

७. घराजवळ फिजिओथेरपिस्ट नाही. घोट्याचे व्यायाम घरी कसे करावे?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बाजेवर बसून, पाय लोंबता सोडून, अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवावी. दिवसातून तीन-चार वेळा पुरते. लंगडणे कमी झाले की भिंतीला हात टेकवून दोन्ही टाचा उचलाव्या, दहा-दहाच्या तीन खेपा. ते सोपे वाटू लागले की एका पायावर.

यानंतरचा व्यायाम बहुतेक लोक सोडून देतात आणि म्हणूनच तोच घोटा पुन्हा मुरगळतो. अस्थिबंधात पायाचा तोल मेंदूला कळवणारे मज्जातंतू असतात आणि मुरगळताना तेही बिघडतात. दुखणे थांबल्यावर दात घासताना एका पायावर अर्धा मिनिट उभे राहावे, मग डोळे मिटून, मग गोधडीच्या घडीवर. निदान सहा आठवडे हे करावे. सौम्य मुरगळ एक-दोन आठवड्यांत, मध्यम तीन ते सहा आठवड्यांत आणि पूर्ण फाटलेला अस्थिबंध तीन महिने किंवा त्याहून अधिक काळाने कामाला येतो.

८. डायक्लोफिनॅकची गोळी किंवा इंजेक्शन घेतले की दुसऱ्या दिवशी कामावर जाता येते. यात वाईट काय?

दोन गोष्टी. एक म्हणजे वेदना हा प्रश्न ६ मधल्या हिशोबाचा काटा आहे. तो गोळीने बंद केला, तर किती भार झाला ते कळत नाही. दुसरी अधिक गंभीर. एप्रिल-मे महिन्यांत ४५ अंशांच्या उन्हात, अंगातले पाणी आटलेले असताना, तेंदूपाने तोडणाऱ्या किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्या माणसाने ही गोळी उपाशीपोटी घेतली, तर मूत्रपिंडावर आणि जठरावर एकाच वेळी मारा होतो. रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा अल्सर असणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊच नये.

साध्या मुरगळीत डायक्लोफिनॅकचे मलम गोळीइतकेच उपयोगी ठरू शकते आणि पोटाला सुरक्षित असते, पॅरासिटामॉल चालते. बाजारात मिळणारी, नाव नसलेली ‘जादूची पुडी’ टाळावी. तीन दिवसांत सगळे सांधे मोकळे करणाऱ्या पुडीत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेले असते.

९. मार लागलेला नाही, तरी कोपराच्या बाहेरच्या अंगाला सहा महिन्यांपासून दुखते. इंजेक्शन घ्यावे का?

विळा धरून सोंगणी करणाऱ्या, कुऱ्हाड चालवणाऱ्या आणि धुणी पिळणाऱ्या हातांत हे दिसते. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंचा कंडरा कोपराशी कमजोर झालेला असतो. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान वाटते, परंतु वर्षानंतर पाहिले तर इंजेक्शन घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट आढळली आहे. म्हणून आम्ही ते पहिला उपाय म्हणून सुचवत नाही.

कंडऱ्याला हळूहळू वाढता भार लागतो. स्वीडनमधील डॉक्टर हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये टाचेच्या कंडऱ्यासाठी पंधरा-पंधराच्या तीन खेपा, दिवसातून दोनदा, बारा आठवडे, अशी पद्धत मांडली आणि त्यानंतर दुखऱ्या कंडऱ्याला आराम देण्याची जुनी रीत मागे पडली. कोपरासाठी तेच तत्त्व वापरता येते: हात मांडीवर टेकवून, पाण्याने अर्धी भरलेली बाटली मुठीत धरून, दुसऱ्या हाताने मनगट वर न्यावे आणि मग दुखऱ्या हाताच्या बळावर सावकाश खाली सोडावे. पहिले तीन-चार आठवडे फरक जाणवत नाही, आणि नेमके तेव्हाच लोक व्यायाम सोडतात.

१०. शहरात पीआरपी, मशीनचा शेक आणि रंगीत पट्ट्या असे उपचार सांगितले. त्यासाठी कर्ज काढावे का?

काढू नये. पीआरपीमध्ये रुग्णाचेच रक्त घुसळून त्यातला प्लेटलेट असलेला भाग टोचतात. टाचेच्या जुनाट कंडरादुखीवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो लुटुपुटीच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरला नाही. मुरगळलेल्या घोट्यावर अल्ट्रासाउंड मशीन फिरवल्याने विशेष फायदा होत नाही. रंगीत पट्टीने थोडा धीर येतो. खिशात पैसे असतील तर ते प्रश्न ७ मधले व्यायाम प्रत्यक्ष शिकवणाऱ्या चार भेटींवर खर्च करावे.

११. एमआरआय काढल्याशिवाय काय झाले ते कळणार नाही, असे म्हणतात. खरे का?

बहुतेक वेळा हाताने तपासून कळते. शिवाय पन्नाशीनंतर, अजिबात न दुखणाऱ्या खांद्यातही फाटलेला कंडरा चित्रात दिसू शकतो, त्यामुळे शस्त्रक्रियेचा विचार असेल तेव्हाच एमआरआय काढावा.

१२. खाण्यापिण्याने लवकर भरून येते का? हळदीचे दूध घ्यावे का?

हळदीचे दूध घ्यावे, दुधासाठी. नवे धागे प्रथिनांचे बनतात, म्हणून तुरीचे घट्ट वरण, चणे, अंडे किंवा मासे यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत असावे. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवावी, नाहीतर सगळेच लांबते.

आणि खर्रा सोडावा. तंबाखूतील निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि कंडऱ्याला व अस्थिबंधाला मुळातच रक्त कमी मिळते. हे सांगितल्यावर समोरचा माणूस मान डोलावतो आणि बाहेर जाऊन पुडी उघडतो, हेही आम्हांला ठाऊक आहे.

१३. मुलगा कबड्डी खेळतो. मांडीमागचा स्नायू दुखावला होता, आता दुखत नाही. सामन्याला सोडू का?

दुखणे थांबले, एवढ्यावर सोडू नये. कबड्डी हा आपल्या मातीतला खेळ. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याची प्रात्यक्षिके दाखवली होती. पण चढाईत अचानक वळणे आणि पकडीत पाय ओढला जाणे यांमुळे हा खेळ मांडीमागच्या स्नायूची आणि गुडघ्याची कठोर परीक्षा घेतो. दोन्ही पायांचे बळ जवळजवळ सारखे हवे, पूर्ण वेगाने धावून एकाएकी थांबता आणि वळता आले पाहिजे, आणि निदान आठवडाभर पूर्ण सराव न दुखता झाला पाहिजे. गुडघ्याच्या सांध्याच्या आत असलेल्या अस्थिबंधाची (एसीएलची) शस्त्रक्रिया झाली असेल तर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरवू नये, मग गावच्या संघाचा अंतिम सामना का असेना.

१४. विळा लागून बोट कापले. टाके घातले, जखम भरली, पण बोट वाकत नाही. व्यायामाने वाकेल का?

वाकणार नाही, कंडरा तुटलेला असण्याची दाट शक्यता आहे आणि भार-व्यायामाविषयी वर लिहिलेले काहीही येथे चालत नाही. तुटलेली टोके आखडून दूर सरकतात, त्यामुळे कंडरा जोडण्याची शस्त्रक्रिया पहिल्या एक-दोन आठवड्यांत झाली तर उत्तम, नंतर ती अवघड होत जाते. नागपूर, यवतमाळ किंवा अकोला येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अथवा सेवाग्रामच्या रुग्णालयात अस्थिरोग विभागाला दाखवावे. हात कापल्यावर टाके घालण्यापूर्वीच प्रत्येक बोट वेगवेगळे वाकवून आणि सरळ करून पाहण्यास डॉक्टरांना सांगावे, बधिरपणा असल्यास तोही सांगावा, आणि धनुर्वाताची लस विसरू नये.

१५. काही लागल्याचे आठवत नाही, तरी पाय सुजून दुखतो. लचकच असेल ना?

गृहीत धरू नये. वावरात काही टोचल्यासारखे वाटले आणि तासाभरात सूज वर चढू लागली, तर तो घोणसाचा दंश असू शकतो. न चोळता, न आवळता, पाय हलू न देता थेट रुग्णालयात न्यावे. एकाच पोटरीत सूज, दुखणे आणि गरमपणा असेल, विशेषतः बाळंतपणानंतर किंवा बरेच दिवस अंथरुणात राहिल्यावर, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, आणि ती चोळणे जिवावर बेतते. बाभळीच्या काट्याचे तुटलेले टोक सांध्याजवळ राहिले तर आठवडे उलटूनही सूज हटत नाही. एक्स-रेमध्ये काटा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी वगैरे सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन चालू असताना टाचेमागे दुखू लागले, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना कळवावे, कारण या औषधांनी कंडरा तुटू शकतो. साठीच्या पुढच्यांना आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो.

१६. मुलीला सिकलसेल आहे. तिचा पाय मुरगळला, तर बर्फ चालेल का?

चालणार नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी त्यांत अडकतात आणि वेदनेचा तीव्र झटका येऊ शकतो. पाय उंच ठेवावा, सैल पट्टी बांधावी, भरपूर पाणी पाजावे आणि थंडीच्या दिवसांत पाय उबदार ठेवावा. गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी. पूर्व विदर्भात हा आजार अनेक घरांत आहे, आणि बर्फाचा सल्ला देणारी बहुतेक पत्रके दुसऱ्याच मुलखासाठी लिहिलेली असतात, म्हणून हा प्रश्न वेगळा ठेवला आहे.

सिकलसेल रुग्णाचे हातपाय न लागताही दुखू शकतात. सोबत ताप, छातीत दुखणे किंवा दम लागणे असेल तर लचकेचा विचार बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठावे. मांडीच्या सांध्यात, जांघेत, महिनाभर दुखत असेल तर हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा कमी होत नाही ना, हे तपासून घ्यावे. जी मुले केवळ वाहक आहेत, म्हणजे ज्यांना आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा दोष मिळाला आहे, त्यांना थोडा वेळ बर्फ लावण्यास सहसा अडचण नसते, मात्र उन्हात पाण्याविना जोरदार सराव करताना त्यांचे स्नायू अचानक दुखून ताकद गेली किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर तेथेच थांबवून डॉक्टरांकडे न्यावे. घरातील कोणाची तपासणी झालेली नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची चाचणी करून घेता येते.